दक्षिणेकडची भिंत

नांदेड,
श्रावण वद्य पंचमी, सन १३४९ फसली

तीर्थरूप दादांस,

पोचल्याबरोबर पत्र टाक, असं तुम्ही बजावलं होतं. मी पोचलो तेव्हा आखाड चालू होता आणि आता श्रावण उतरणीला लागलाय. टाळलं, दुसरं काही नाही. शाई वाळली, टपाल चुकलं असं काहीतरी लिहिलं असतं, पण तुम्ही मास्तर. पोरांची कारणं ऐकूनच तुमचे केस पिकले. खरं म्हणजे तुम्हाला लिहायला बसलो की मिडलच्या वर्गात बाकावर उभं केल्यासारखं वाटतं. आमचं सगळं शिकणं उर्दूत, तेही अर्धंमुर्धं. आणि तुम्ही पत्रातली बातमी वाचायच्या आधी तांबड्या शाईनं माझे ऱ्हस्वदीर्घ धरता. याचेही धरा.

उमरीच्या तहसिलीत तुम्ही चिकटवून दिलेली जागा सोडून मी किनवटला सागाच्या ठेकेदाराबरोबर जंगलात गेलो, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, नुसते हुकूम सोडता. आताचा हुकूम असा की नांदेडच्या घरात राहा, झाडलोट कर आणि विकत घेणारं सभ्य गिऱ्हाईक बघ. (किनवटला एकदा अस्वलानं आमच्या मुकादमाचा डबा पळवला, आणि मुकादम त्याच्यामागं 'अरे, चटणी तरी टाक' म्हणत पळत होता. ते राहू द्या.)

घर उभं आहे. तुम्ही ज्या चाळीला भिऊन लातूरला बदली मागून घेतलीत, ती चाळही उभी आहे. आपलं घर गल्लीच्या दक्षिण टोकाला, त्यामुळे परसाचं दार उघडलं की समोर चाळच. पूर्वी तिथं माळ होता आणि आपण पतंग उडवायचो. आता एका सरकीच्या व्यापाऱ्यानं रेघ ओढल्यासारख्या खोल्या बांधून त्यात गिरणीची माणसं कोंबलीत. बांधकाम असलं की एका खोलीत बोलताना कुणी शिंकलं तर तिसऱ्या खोलीतून 'सत्य आहे' असा आवाज येतो. सुकटीचा वास, पोरांचं रडं, तेलगूत भांडण, मराठीत समेट. मला काही ती माणसं आवडत नाहीत. तुमच्यासारखा मी त्यांना भीत नाही, एवढंच.

पण खरी घाण गल्लीत आहे. तहसिलीतल्या पेशकारीतून निवृत्त झालेले अमृतराव रोज सकाळी ओट्यावर दात घासत चाळीकडे बघतात आणि थुंकतात. जणू दातवण त्यासाठीच. समोरचे वसंतराव वकील कोर्टातून येताना नाकाला उपरणं लावतात, आणि घरात जाऊन चाळीतल्याच बाईनं घासलेल्या ताटात जेवतात. चाळ आल्यापासून या गल्लीतल्या कुणाचं काय गेलं, ते मी विचारून पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही. 'पूर्वीची गल्ली राहिली नाही,' एवढंच. पूर्वीच्या गल्लीत मोरीत कोण काय टाकायचं ते मी लहानपणी बघितलंय.

गिऱ्हाइकाचं सांगतो. बिलोलीचे एक देशमुख घर बघायला आले. माजघर आवडलं, तुळया वाजवून बघितल्या, परसदार उघडून चाळ बघितली. म्हणाले, "बरं झालं, शेजार आहे. गडीमाणूस हाकेवर मिळंल." मी म्हटलं, झालं, घर गेलं. तेवढ्यात अमृतरावांनी त्यांना हाक मारली, चहा पाजला आणि सांगितलं, "घ्या की. आमची गल्ली एकेकाळी काय होती म्हणता! आता नासली. आम्हीसुद्धा विकायच्याच विचारात आहोत." देशमुखांनी कप खाली ठेवला आणि पायात जोडा घालताना मला म्हणाले, "ज्या गावचे लोकच गाव सोडायला बसले, तिथं मी कशाला येऊ?"

तेव्हा आपल्या घराचा भाव चाळीनं पाडला नाही, अमृतरावांच्या चहानं पाडला. हे लाल शाईनं अधोरेखित करा.

गल्लीत एकच माणूस बोलण्यासारखं आहे, अमृतरावांचे चुलते तात्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेत, तरी दिवसभर तुमच्या-माझ्या ओट्यावर येऊन बसतात, कारण चाळीची माणसं गिरणीला आणि बाजाराला जातात ती आपल्या ओट्यावरून. तात्या पावलांवरून माणूस ओळखतात आणि प्रत्येकाला त्याची त्याची शिवी देतात.

"कोण रे तो, मलप्या? पाय घासत चाललायस. बापानं वहाणा घेऊन दिल्या न्हाईत का?"

"तात्या, तुमच्या सासऱ्यानं तुम्हाला दिलेल्याच घालून राहिलो!"

"माझ्या सासऱ्यानं मला पोरगी दिली तेवढीच. वहाणा देतोय तो!"

हा मलप्पा आणि त्याची बायको गंगम्मा, दोघंही गिरणीत आहेत. मूळचे देगलूरकडचे. त्यांच्यामुळे तात्यांना दिवस कळतो.

आता मुद्द्याचं. अमृतराव आणि वसंतराव गल्लीचं दक्षिणेकडचं तोंड भिंत घालून बंद करणार म्हणतात. भिंतीचं एक टोक वकिलांच्या घराला टेकणार आणि दुसरं आपल्या घराला. म्हणून तुमची इजाजत पाहिजे. ती देऊ नका. चाळीतल्यांना गिरणी उत्तरेला, बाजार उत्तरेला, आणि गल्ली सोडली तर वाट फक्त नाल्यातून. पावसाळ्यात नाल्याला कंबरभर पाणी असतं. भोंगा झाल्यावर गिरणीचं फाटक कुणासाठी थांबत नाही.

मला त्यांची दया आलीय असं समजू नका. या दोन म्हाताऱ्यांच्या मनासारखं झालेलं मला बघवत नाही, म्हणून लिहितोय.

आपला,
भुजंग


नांदेड,
भाद्रपद शुद्ध एकादशी

दादांस,

तुमची इजाजत आली. मला नाही, अमृतरावांना. त्यांनी ती ओट्यावर उभं राहून वाचली. तुमचं अक्षर सुंदर आहे हे सगळ्यांनी मान्य केलं.

भिंत गणपतीच्या आधी उभी राहिली. मुहूर्त बघितला, नारळ फोडला, पहिल्या विटेला हळदकुंकू लावलं. देऊळ बांधताना करतात ते सगळं केलं. गावचा कारभार बल्दियाकडे, तिला विचारायचं का, असं मी म्हटलं. वसंतराव म्हणाले, "गल्ली आपली आहे. गटार तेवढं सरकारचं." हे हैदराबादेत कायदा शिकून आलेत. आणि अमृतराव हातातली अक्षत झटकत म्हणाले, "तसंही दक्षिण दिशा अशुभच. तिकडून या गल्लीत कधी चांगलं काही आलंय का? बंद झाली ते बरं झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. तात्या तेवढे म्हणाले, "अमृता, दक्षिणेकडून येत नसतं रे काही, जात असतं." त्यांच्याकडे कोण लक्ष देतो?

दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला. चाळीतली माणसं नाल्यातून गेली. धडधाकट पुरुष भोंग्याआधी पोचले. गंगम्मा अडकली, फाटक लागलं. सूत गुंडाळण्याच्या खात्यात तिची पक्की जागा होती, ती दुसरीला दिली. हिला सांगितलं, बदलीवर ये, कुणी आली नाही तर मिळेल काम. सलग वेळेवर आलीस तर दिवाळीच्या आधी जागा परत बघू. मलप्पाची छाती कापसाच्या धुरळ्यानं भरलीय, तो किती दिवस टिकतो त्याचा भरवसा नाही. त्या घरात पक्की म्हणावी अशी तिचीच जागा होती.

त्यानंतरच्या सकाळी आपलं परसदार कुणीतरी धडाधडा वाजवलं. उघडतो तर गंगम्मा. ही बाई मला पंतुलु म्हणते. तिकडे पंतुलु म्हणजे पंतोजी, मास्तर. मिडलच्या परीक्षेत दोनदा आपटलेल्या माणसाला! मी तिची चूक दुरुस्त केलेली नाही.

"पंतुलु, सरका."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? ह्या दारातून आत येते, त्या दारातून गल्लीत जाते. भोंगा व्हायलाय."

"अगं, हे घर आहे. मध्ये देवघर आहे."

"असू दे की. मी बसायला आली न्हाई. काय हाय तुमच्या घरात बसण्यासारखं?"

आणि दादा, खरंच काय आहे? तुम्ही पाट, पितळ, झोपाळा, सगळं लातूरला नेलंत. माझी एक वळकटी आणि कोपऱ्यात झुरळं. मी सरकलो. ती पदर आवरून, भिंतीला अंग न लावता, माजघरातून निघाली. देवघरापाशी क्षणभर थांबली.

"दिवा न्हाई व्हय देवाला?"

"तेल संपलंय."

"तेल न्हाई म्हणून देवाला अंधारात ठेवून राहिले. तुम्हीच बसा की एक दिवस तिथं."

असं म्हणून पुढच्या दारातून गेली. भोंगा नंतर झाला.

दुसऱ्या दिवशी तिच्यामागं आणखी दोघी, मग मलप्पा, मग त्याच्या खात्यातले. आता आपलं घर म्हणजे गल्लीच आहे. परसदारातून येतात, माजघरातून पुढच्या दारानं उतरतात, संध्याकाळी उलटे. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पायवाट पडलीय. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या कुणीतरी देवघरापुढे बाज आडवी लावली, म्हणजे चुकून पाय लागायला नको. मला हे सुचलं नव्हतं.

अमृतरावांनी ओट्यावरून हे बघितलं तेव्हाचं त्यांचं तोंड तुम्ही बघायला पाहिजे होतं. दातवण हातातच राहिलं. त्या दिवशी थुंकले नाहीत, गिळलं.

"अरे भुजंगा, हे काय मांडलंयस? घर आहे का वेस आहे ही?"

"तुम्ही वेस बंद केली काका, म्हणून घर उघडलं."

"तुझ्या दादाला लिहितो मी."

"लिहा. ते तुमच्या पत्रांना उत्तर देतात."

आता यात पुण्यबिण्य शोधू नका. मला करमत नव्हतं. त्या सगळ्यांच्या पायांत एवढी धूळ असते की दिवसातून दोनदा झाडावं लागतं, आणि झाडताना मी त्यांना मनसोक्त शिव्या देतो. तात्यांची जागा मी चालवतोय म्हणा. कारण अमृतरावांनी तात्यांना माझ्या ओट्यावर बसायची बंदी केलीय. ओटा बाटला म्हणे. म्हाताऱ्याला आतल्या चौकात नेऊन बसवलंय. तिथं पावलं वाजतात ती फक्त सुनेची.

भुजंग


नांदेड,
भाद्रपद वद्य दशमी

दादा,

कार्ड मिळालं. तुमचं कार्ड असं की टपालवाल्यानं वाचून मग माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "दसऱ्याला कुठं जाणार मग?"

म्हणजे घराचा मी चव्हाटा केला, सात पिढ्यांच्या देवघरापुढून नाही नाही ते लोक नेले, आणि दसऱ्याला तुम्ही स्वतः येऊन दोन्ही दारांना कुलूप घालणार. मी माझी सोय बघावी. 'तुझ्यासारख्याला रस्ता आणि घर यातला फरक कधीच कळला नाही.' हे वाक्य मात्र छान जमलंय. वर्गात फळ्यावर लिहा.

माझी सोय होईल. माहूरच्या डोंगरात एक लाखेचा व्यापारी माणूस शोधतोय, परभणीकडे एका नाटकमंडळीला पडदे ओढणारा पाहिजे. (पडदे ओढण्यात एक गंमत असते. राजा अजून मरत असतो आणि तुम्ही पडदा टाकता. मग तो आतून शिव्या देतो. पण असो.) माझं काही अडणार नाही. पण गंगम्माला दिवाळीच्या आधी जागा परत मिळायची आहे, आणि दसरा दिवाळीच्या आधी येतो. हे मी तिला सांगितलं. तिनं डब्याचं फडकं दुसऱ्या काखेत घेतलं. मग म्हणाली, "दादा तुमचे मास्तर हायत ना?"

"आहेत."

"मंग पोरांना शाळेत उशीर झाल्यावर काय करतात?"

"अंगठे धरायला लावतात."

"हां. जागा न्हाई काढून घेत," म्हणाली, आणि गेली.

काल शेषेराव भेटला. तुमच्याच वर्गातला, सरकीची दलाली करतो तो. लातूरला त्याचं सारखं जाणंयेणं. जिनिंगच्या कामाला इकडे आला होता. मी आपलं विचारलं, दादाचं बिऱ्हाड कसं काय? तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, प्रशस्त जागा आहे, हवेशीर आहे.

शेषेराव आधी हसला. मग म्हणाला, "गंज बाजाराच्या मागं ती लांबडी इमारत हाय बघ. खाली आडतीची पोती, वर बिऱ्हाडंच बिऱ्हाडं. मास्तर, कारकून, तारवाले. तुझ्या दादाची खोली जिन्याखाली. वहिनी नळावर रांगेत उभ्या राहून राहिल्या."

मी निघायला लागलो, तर त्यानं बाही धरली.

"अन् मजा ऐक," तो म्हणाला. "त्या बोळातले जुने लोक म्हणत्यात, हे भाड्याचे मास्तर-कारकून आले अन् आमचा बोळ नासला. पोरं ओट्यावर मुततात, बाया नळावर भांडतात. बोळाला दार बसवायचं चाललंय त्यांचं. अर्जी केलीय बल्दियाकडे. अर्जीचं मराठी कुणी तपासलं ठाऊक हाय? तुझ्या दादानं. त्यांनी आणून दिली, यानं तांबडी शाई काढली, सगळे काना-मात्रे दुरुस्त केले, वर म्हणाला, 'विचार योग्य आहे.' अर्जीत 'बाहेरून आलेले हलके भाडेकरू' लिहिलं होतं. याला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल असंल."

दादा, मी पोट धरून हसलो. जिनिंगच्या फाटकातला पठाण बघायला आला. मग घरी आलो, देवघरापुढची बाज सरकवून तिच्यावर पडलो आणि हसू येईना. जिन्याखालची खोली. तुम्ही उभे राहिलात तर डोकं लागत असेल.

तात्यांची तब्येत ठीक नाही. मी बघायला गेलो तर अमृतरावांनी दारातच अडवलं. आतून आवाज आला, "कोण आहे?" मी म्हटलं, भुजंग. तात्या म्हणाले, "तुझी पावलं ऐकू आली नाहीत रे. मलप्या अजून पाय घासतो का?" मी हो म्हटलं. "मग शिवी कोण देतं त्याला?" मी म्हटलं, मी देतो. म्हणाले, "तुला जमत नसणार."

दसऱ्याला या. कुलूप मोठं आणा.

भुजंग


नांदेड,
आश्विन शुद्ध सप्तमी

दादा,

हे पत्र मी सकाळपासून तुकड्यातुकड्यानं लिहितोय. मधून मधून उठावं लागतं. तुम्ही वाचाल तोवर इथलं सगळं होऊन गेलेलं असेल, म्हणून नीट सांगतो. यावेळी अस्वल आणत नाही.

तात्या पहाटे गेले. डॉक्टर म्हणाले वय झालं. मला विचाराल तर शिव्या द्यायला माणूस उरलं नाही म्हणून गेले.

घरोघर घट बसलेले. प्रेत उचलल्याशिवाय गल्लीत चूल पेटत नाही. तेव्हा अमृतरावांना घाई. तिरडी बांधली, खांदेकरी आले, मडकं धरलं. आणि उत्तरेकडे निघणार, तोच मारुतीचा गुरव देवळाच्या पायरीवर आडवा हात धरून उभा राहिला.

"इकडून कुठं? मारुतीच्या तोंडापुढून प्रेत? अहो, तुमच्या आज्याचं गेलं का इकडून कधी? बापाचं गेलं का?"

नव्हतंच गेलं. या गल्लीचं उत्तरेचं तोंड मारुतीच्या उंबऱ्याला चिकटून आहे. म्हणून इथली प्रेतं पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडून निघतात. माळावरून नदीला, नदीवर स्मशान. आपले वडीलसुद्धा तिकडूनच गेले, तुम्ही मडकं धरलं होतं, मी मागं रडत होतो. सगळ्यांना माहीत. पण बरीच वर्षं गल्लीत कुणी मेलं नाही. भिंतीचा मुहूर्त बघितला, दिशा बघितली, नारळ बघितला. आपण मेल्यावर जाणार कुठून, ते एवढ्या शहाण्यांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्यानं सांगितलं होतं तो तिरडीवर.

मग दक्षिणेकडे वळले आणि भिंतीपुढे उभे राहिले. पेशकार, वकील, जरीकाठी उपरणी, आणि खांद्यावर तात्या. वसंतराव म्हणाले, दोर लावून भिंतीवरून पलीकडे सोडू. कुणीतरी विचारलं, पोत्यासारखं? आणि डोकं आधी का पाय आधी? त्यावर शास्त्रार्थ सुरू झाला. खांदेकऱ्यांचे खांदे भरून आले तरी चालूच होता.

तेव्हा अमृतराव माझ्याकडे आले. घामानं गंध ओघळलेलं. ज्या ओट्यानं म्हणे तात्यांना बाटवलं असतं, त्यालाच हात टेकून उभे राहिले.

"भुजंगा, तुझ्या घरातून नेऊ दे. पुढच्या दारानं आत, परसदारानं बाहेर."

मी म्हटलं, "काका, घर आहे का वेस आहे ही?"

"आता ते काढू नकोस."

"दादाला लिहू का विचारायला? ते तुम्हाला उत्तर देतात."

"गिरणीची माणसं नेतोस आणि तात्याला नाही? तुझ्याशी किती बोलायचा तो."

हे लागलं. लागणारच होतं, पेशकारीत आयुष्य गेलंय त्यांचं. क्षणभर वाटलं, न्यावं. तात्यांना आपलं घर परकं नव्हतं. पण दादा, परक्याचं प्रेत माजघरातून गेलेलं घर कोण घेतं? तुमच्या घराला या जन्मात गिऱ्हाईक मिळालं नसतं, आणि भिंत मात्र तशीच राहिली असती. दसऱ्याला तुमचं कुलूप. म्हणजे तात्या सुटले असते आणि गंगम्मा अडकली असती.

मी दारात आडवा बसलो. म्हटलं, "हे दार जित्त्या माणसांसाठी आहे. मेलेल्या माणसाची वाट तुम्ही बंद केलीय, ती तुम्हीच उघडा."

पलीकडून चाळ सगळं ऐकत होती. भिंत म्हटलं तरी एका विटेची, तुमच्यासारख्यांच्या वर्गणीतून बांधलेली. तिकडून मलप्पाचा आवाज आला, खोकत खोकत, "पहार हाय आमच्याकडं. फोडू का?"

अमृतराव म्हणाले, "फोड."

त्यावर गंगम्माचा आवाज. "थांब गा. आदी त्यांना इचार, फोडल्यावर पुन्ना बांधणार काय?"

वसंतराव म्हणाले, "ते नंतर बघता येईल. सध्याची निकड..."

"मंग नंतरच फोडू."

उन्हं तापायला लागली होती. तात्यांच्या अंगावरच्या फुलांवर माशा बसत होत्या. अमृतरावांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा मागं वळून मारुतीकडे. मग गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मारुतीला साक्ष ठेवून सांगतो, पुन्हा बांधणार नाही. आता तरी फोडा."

पहिली वीट पडली आणि त्याच वेळी गिरणीचा पहिला भोंगा झाला. या आठवड्यात यांची दुसरी पाळी. पहिल्यानंतर थोड्या वेळानं दुसरा होतो, मग फाटक. भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. खांदेकरी पुढं सरसावले, तर भगदाडात गंगम्मा उभी, डब्याचं फडकं काखेत.

"बाई, बाजूला हो," वकील म्हणाले. "प्रेत आहे."

"दिसून राहिलंय मला. त्यांना कुठं फाटक लागतंय? आदी जित्ती मान्सं जाऊ द्या."

आणि ती आली. तिच्यामागं सगळी पाळी. बाया, पोरसवदा गडी, म्हातारे. विटांच्या ढिगावरून, गल्लीच्या मधून. गल्लीतली सगळी उपरणी भिंतीला चिकटून उभी, जागाच नव्हती. प्रत्येकजण तिरडीपाशी पाऊल जरा हळू करून, हात जोडून पुढं निघत होता. कुणी थांबलं नाही, भोंगा व्हायचा होता. खरं सांगतो, एवढ्या पायांचा आवाज या गल्लीत मी कधी ऐकला नव्हता. आणि ज्याला तो ऐकायचा होता तो झोपलेला.

मलप्पा शेवटी आला. पाय घासत. तिरडीशी वाकून म्हणाला, "तात्या, वहाणा घेतल्या न्हाईत अजून. द्या शिवी."

मला जमत नाही हे तात्या बरोबर म्हणाले होते. मी त्याला नुसतं पुढं ढकललं.

दुसरा भोंगा व्हायच्या आत सगळे उत्तरेला दिसेनासे झाले. मग तात्या निघाले, भगदाडातून, चाळीच्या अंगणातून. ज्या अंगणात आपली सावलीसुद्धा पडणार नाही असं अमृतराव म्हणायचे, तिथून ते अनवाणी, ओलेत्यानं, हातात मडकं घेऊन गेले. चाळीतल्या म्हाताऱ्यांनी वाटेवर पाणी शिंपडलं होतं. वाळत घातलेली लुगडी काढून घेतली होती. तेवढं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

दुपारपर्यंत भिंत उरली नव्हती. विटा चाळीतल्या पोरासोरांनी नेल्या आणि त्यांच्या अंगणातल्या चिखलावर वाट करून टाकली. आता त्या वाटेवरून आपल्याच गल्लीतल्या बाया नदीला धुणं घेऊन जाऊन राहिल्यात. वसंतरावांच्या घरातल्यासुद्धा. नाकाला पदर लावून, पण जाऊन राहिल्यात. स्मशानातून परतताना अमृतराव त्याच वाटेनं आले. आपल्या ओट्यावर, तात्या बसायचे त्या जागी टेकले. आणि मी हसू नये म्हणून नुसतं समोर बघत म्हणाले, "विटा चांगल्या होत्या." एवढंच.

तेव्हा दसऱ्याला कुलूप घेऊन यायचं असेल तर या, पण आता तुमच्या माजघरातून कुणी जात नाही. रस्ता रस्त्यात गेला, घर घरात राहिलं. फरक मला कळला म्हणायचा. मी उद्या-परवा निघतो. लाखेवाला की पडदे, ते मोटार कुठली आधी मिळते त्यावर.

थांबा. बाहेर कुणीतरी आलंय.

दादा, बसा. जिन्याखालच्या खोलीत बसायला जागा असेल तर बसा. प्रेमलावहिनी आल्यात. सिंधूला कडेवर घेऊन, एकट्या, लातुराहून मोटारीनं आणि मग रेल्वेनं. टांगेवाल्यानं मारुतीच्या बाजूनं यायला नकार दिला, गल्लीत मयत आहे म्हणाला. म्हणून त्या चाळीकडून आल्या, त्या विटांच्या वाटेवरून. पाळीवर काम न मिळालेली एक बाई ट्रंक डोक्यावर घेऊन त्यांच्यापुढं. मी विचारलं, दादा कुठं आहेत?

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तिथल्या जुन्या लोकांनी बोळाला दार बसवलं. भाडेकरूंनी मागून, गोदामाच्या बाजूनं जायचं. काल मी पाण्याची घागर घेऊन त्या दाराशी उभी होते आणि तुमचे दादा आतल्या बाजूला, दारावरची पाटी वाचत होते. मला म्हणाले, 'बघ, एकही चूक नाही.'"

मग त्यांनी माजघर बघितलं, जमिनीवरची पायवाट बघितली, देवघरापुढची बाज बघितली. काही विचारलं नाही. पदर खोचून म्हणाल्या, "तेल आहे का घरात?"

मी नाही म्हटलं. तर दारातल्या त्या बाईनं ट्रंक खाली ठेवली, म्हणाली, "आणते," आणि आपल्या परसदारातून चाळीकडे गेली.